घराकडे कललेला आंबा हातकरवतीने पाडला, त्याची पूर्ण हकिकत

सत्तरीत, वाळपईपासून गाडीने वीसेक मिनिटांवर आमचं घर आहे. घराच्या मागच्या पडवीपासून दहा-बारा पावलांवर घोटांचा एक आंबा होता, म्हणजे घाटावर ज्याला रायवळ म्हणतात तसा, आणि आमच्या घरात सासव (मोहरी वाटून घातलेलं आंब्याचं कालवण) दुसऱ्या कुठल्या आंब्याचं होतच नसे. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं त्यात त्याची एक मोठी फांदी खोडापासून सोलून निघाली, आम्ही त्या वेळी छपराची कौलं आणि चार-पाच दिवस गेलेली लाईट यातच होतो, जखमेकडे कुणी बघितलं नाही. त्या जखमेत दर पावसात पाणी मुरत गेलं, मग भिरूड (खोड पोखरणारी अळी) लागला, मग वाळवी, आणि गेल्या वर्षी अर्धा शेंडा पूर्ण सुकला. झाड सुकलं याचं दुःख होतंच पण खरी काळजी वेगळी होती, ते घराच्या बाजूला कललेलं होतं आणि त्या पडवीत आई झोपते.

हे एवढ्या तपशिलात लिहितोय कारण असं झाड आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक परसात एखादं असतं, आणि ते पाडायला घरचीच माणसं उभी राहतात, कुऱ्हाड चालवता येते म्हणजे झाड पाडता येतं असं धरून. आम्हीही आधी तसंच धरलं होतं.

चेनसॉ का नाही हा प्रश्न सगळे विचारतात म्हणून आधी सांगतो. जो माणूस आमच्या भागात हे काम नीट शिकून करतो त्याने जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतरची तारीख दिली, आणि मृग लागायच्या आत ते झाड खाली यायलाच हवं होतं, ओल्या जमिनीत, भिजून जड झालेल्या शेंड्यासकट ते उभं ठेवणं म्हणजे रोज रात्री जागं राहणं. दादाच्या मित्राकडे मशीन होती आणि तो द्यायलाही तयार होता पण आमच्यापैकी एकानेही ती कधी धरलेली नव्हती. पात्याचं टोक लाकडाला लागलं की मशीन झटक्यात उलटी तोंडाकडे येते, पायाला जाड संरक्षक पँट नाही, आणि पहिलाच प्रयोग घराकडे कललेल्या पोकळ झाडावर, याला मी नाही म्हटलं आणि आजही नाहीच म्हणेन. शेजारचे आबा, वय बहात्तर, तरुणपणी दहा-बारा वर्षं जंगलात करवत ओढायला जायचे. ते म्हणाले, "करवतीनं पाडूया. सवकास करूया. पण मी सांगेन तेव्हा थांबायचं, वाद घालायचा नाही." त्यांची अट मान्य केली.

परमिशनचं थोडक्यात. गोव्यात खाजगी जमिनीतलं झाड असलं तरी १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वनखात्याची परवानगी लागते, घरचं झाड आहे म्हणून तोडलं असं चालत नाही, आणि परवानगीबरोबर बदली झाडं लावायची अट येते. (माडाचं मधे उलटसुलट झालं होतं, २०१६ साली त्याला झाडाच्या व्याख्येतून बाहेर काढलं आणि २०१७ ला परत आत घेतलं, त्यामुळे माडालाही परवानगी लागते, अजूनही बऱ्याच लोकांच्या डोक्यात जुनंच आहे.) आम्ही मार्चमध्येच अर्ज केला, फोटो जोडले, माणूस येऊन बघून गेला, कागद हातात आला. पंपाला जाणारी वायर झाडाच्या टप्प्यात होती, ती त्या दिवसापुरती लाईनमनकडून बंद करून घेतली. ढोलीत टॉर्च मारून घरटं बघितलं, घुबड किंवा धनेश असता तर आम्ही तारीख पुढे ढकलली असती, पण आत नुसता भुगा होता.

आणि त्या भुग्याकडे आम्ही जेवढं लक्ष द्यायला हवं होतं तेवढं दिलं नाही. पुढे जे घडलं त्याचं मूळ तिथे आहे.

झाड तपासायची आबांची पद्धत अशी. कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने खोड ठोकत फिरायचं, भरीव लाकूड ठक्क वाजतं, पोकळ लाकूड रिकाम्या पिंपासारखं घुमतं. बुंध्याशी अळंबीसारखी कडक टोपणं उगवलेली असतील तर आतून कुजलंय असं समजायचं. मग गिरमिट घेऊन शंका येईल तिथे भोक पाडायचं आणि बाहेर येणारा कीस हातात घेऊन बघायचा, पांढरट पिवळा, ओलसर, वळ्यावळ्यांचा कीस आला तर लाकूड जिवंत, तपकिरी पूड आली तर तिथे लाकूड नाहीच असं धरायचं. आम्ही पूर्व, दक्षिण आणि पश्चिम बाजू ठोकल्या, तिन्ही ठक्क वाजल्या. उत्तरेला गडगा (दगडी कुंपण) आहे आणि गडग्याला लागून अननसाची काटेरी दाटी, तिथे आत शिरायला कोयत्याने अर्धा तास साफ करावं लागलं असतं. मी म्हटलं तीन बाजू चांगल्या आहेत म्हणजे चौथीही असेल. आबा त्या दिवशी घाईत होते, त्यांनी मान डोलावली. अर्ध्या तासाचं काम सोडलं ते मी सोडलं, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

मापं घेतली. छातीच्या उंचीवर घेर २३५ सेंटिमीटर, म्हणजे व्यास साधारण ७५. उंची काठीने काढली, आपल्या डोळ्यापासून ताणलेल्या हाताच्या मुठीपर्यंत जेवढं अंतर तेवढीच काठी मुठीच्या वर उभी धरायची आणि मागे मागे जायचं, काठीचं खालचं टोक बुंध्याला आणि वरचं शेंड्याला जुळलं की तिथून झाडापर्यंतचं अंतर म्हणजेच झाडाची उंची. १७ मीटर आली. कल मोजायला गवंड्याचा ओळंबा लावला आणि दोन बाजूंनी लांबून बघितलं, वरचं खोड पूर्वेला, म्हणजे घराकडे, जवळजवळ एक मीटर गेलेलं. फांद्यांचं वजनही त्याच बाजूला जास्त.

पाडायची दिशा पश्चिम ठरली. तिकडे भाजीची मळी आहे, हिवाळ्यात मिरची-वांगी काढून झाली की मे महिन्यात रिकामी असते, सपाट, २५ मीटर लांब. दक्षिणेला कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) सुपाऱ्यांची पहिली ओळ, उत्तरेला गडगा, पूर्वेला घर. म्हणजे झाड ज्या बाजूला पडायला बघतंय त्याच्या बरोबर उलट पाडायचं. असं झाड नुसत्या कापाने जात नाही, त्याला पाचरीने उचलावं लागतं आणि दोराने ओढावं लागतं, आणि दोन्ही गोष्टी तोलात कराव्या लागतात.

हत्यारं

आबांची जुनी पाच फुटी करवत माळ्यावरून काढली, दोन बाजूंना दोन मुठी. ती घासूनपुसून एका ओंडक्यावर चालवून बघितली तर दहा मिनिटांत दोन बोटंही गेली नाही. आबांनी दाते बघितले आणि कपाळाला हात लावला, ती फळ्या पाडायची करवत होती, लाकडाच्या रेषेबरोबर उभं चिरायची, तिचे दाते तासणीसारखे असतात. आडवं कापायला सुरीसारखे, एकाआड एक दोन बाजूंना धार काढलेले दाते लागतात. मग गावातल्याच एका जुन्या सुताराकडून आडकापाची करवत मागून आणली, तिकोनी कानशीने आबांनी दीड दिवस बसून एकेक दाता घासला, आणि दाते आलटूनपालटून किंचित बाहेर वाकवले म्हणजे काप पात्यापेक्षा रुंद पडतो आणि करवत लाकडात आवळत नाही. हे लिहायचं कारण, लोक बोथट करवतीने जोर लावतात, दमतात, आणि दमलेला माणूस अर्ध्या कापलेल्या झाडाखाली उभा राहून चुकीचे निर्णय घेतो.

बाकी दोन कुऱ्हाडी, खैराच्या सहा पाचरी, दोन लोखंडी पाचरी, घण, पहार, दोन कप्प्या, १६ मिलिमीटरचा नवा नायलॉन दोर, एक जुनी ट्रकची चेन, रॉकेलची बाटली. आंब्याचा चीक पात्याला चिकटतो आणि करवत जड होते, दर पाच मिनिटांनी रॉकेलचं फडकं फिरवलं की सुटते. तो चीक अंगाला लागला तर काहींना फोड येतात, म्हणून पूर्ण बाह्यांचे शर्ट. बाईकची हेल्मेटं घालू म्हणत होतो पण त्यात आजूबाजूचं नीट ऐकू येत नाही, वर बघता येत नाही, म्हणून बांधकामावरची टोपणं आणली. घण मारणाऱ्याला गॉगल सक्तीचा, लोखंडी पाचरीचं डोकं ठोकून ठोकून फुलतं आणि त्याची कपची गोळीसारखी उडते. काथ्याचा दोर घरात भरपूर होता पण ओढायला तो घेतला नाही, जुना काथ्या कुठे आतून सडलाय ते बाहेरून कळत नाही.

दोर, वाटा, माणसं

दोर जेवढा वर तेवढा ओढायला जोर कमी लागतो, पण फार वर बांधला तर सुकी फांदीच मोडून हातात येते. दोन तृतीयांश उंची धरली, साधारण ११ मीटर, तिथे एक जिवंत जाड दुबेळकं (फांद्यांचं बेचकं) होतं. पाडेली (माडावर चढून नारळ पाडणारा) म्हणाला मी चढून बांधतो, आबांनी चढू दिलं नाही, सुकलेल्या झाडावर वजन टाकायचं नाही हा त्यांचा पक्का नियम. मग रेतीची छोटी पिशवी तंगुसाला बांधून खालून फेकली, नवव्या फेकीला दुबेळक्यावरून गेली, तंगुसामागून सुतळी आणि सुतळीमागून दोर वर नेला.

ओढायला मळीच्या पलीकडे ३० मीटरवर माट्टीचं एक झाड आहे, त्याच्या बुंध्याला कप्पी. झाडाच्या उंचीपेक्षा दूर असलेलाच आधार घ्यायचा. कप्पीवरून दोर वळवून ओढणारे दोघे बाजूला, झाड पडेल त्या पट्ट्याच्या पूर्ण बाहेर उभे राहतील असं केलं, आणि दुसरी कप्पी घालून दोर तीनपदरी केला, त्यामुळे दोन माणसांचा जोर साधारण अडीचपट होतो, बाकीचा घर्षणात जातो. एकाने जीपने ओढूया असं सुचवलं होतं. जीपला ताण कळत नाही, ड्रायव्हरला मागचं झाड दिसत नाही, आणि मागचा काप पुरेसा आत गेलेला नसताना जोरात ओढलं तर खोड उभं फाटत वर जातं आणि फाटलेला भाग मागे, कापणाऱ्याच्या छातीवर येतो. तेच टाळायला ट्रकची चेन कापाच्या वर खोडाला दोन वेढे देऊन आवळून ठेवली.

पळायच्या वाटा दोन, कापणाऱ्या प्रत्येकाची आपली. सरळ मागे नाही, कारण पडताना बुंधा मागे झटका मारू शकतो, आणि बाजूलाही नाही, तर मागे तिरक्या, पडायच्या दिशेच्या उलट अंगाला ४५ अंशात. माझी वाट पडवीच्या कोपऱ्याकडे, दादाची गडग्याच्या फटीकडे. दोन्ही वाटांवरचा पाला, नारळाच्या झावळ्या, दगड आदल्या दिवशी उचलले आणि दोघांनी प्रत्येकी पाच वेळा पळून बघितलं, शेवटी डोळे वर ठेवून. शेजारची मुलं हसत होती. त्या पळून बघण्याचाच दुसऱ्या दिवशी उपयोग झाला.

माणसं सहा. मी आणि दादा करवतीवर, आबा सांगायला आणि पाचरीला, दोघे दोरावर, आणि वहिनी शिट्टीवर. वहिनीचं काम फक्त एक, शेंड्याकडे बघत राहायचं, दुसरं काहीही करायचं नाही, चहा नाही की फोन नाही. कापणाऱ्याची नजर खाली पात्यावर असते आणि झाड हलतं ते आधी वर हलतं, शेंडा जिथे हाताएवढा सरकतो तिथे खाली केसाएवढंही दिसत नाही. एक शिट्टी म्हणजे थांबा, तीन म्हणजे पळा, आणि तीनला कुणी कुणाला काही विचारायचं नाही. बाकी सगळी माणसं, आई, मुलं, कुत्रा, झाडाच्या दुप्पट उंचीच्या बाहेर, म्हणजे ३५ मीटर पलीकडे शेजारच्या अंगणात. गाडी रस्त्याला तोंड करून उभी, १०८ ला कुठून वळायचं ते सांगायला एक मुलगा नाक्यावर.

तो दिवस

सकाळी साडेसहाला सुरू केलं. मे महिन्यात दुपारनंतर घाटाकडून ढग चढतात आणि वारा कधी उठेल सांगता येत नाही, म्हणून आबांचं म्हणणं की अकराच्या आत झाड खाली नाहीतर कापाला हातच लावायचा नाही, अर्धं कापलेलं झाड रात्रभर उभं ठेवण्यासारखं दुसरं पाप नाही.

आधी पश्चिमेकडची खाच. जमिनीपासून दोन फुटांवर करवतीने आडवा सपाट काप, खोलवर १९ सेंटिमीटर, म्हणजे व्यासाच्या चौथ्या हिश्शाएवढा, मग वरून तिरक्या कुऱ्हाडीने पाचरीसारखा तुकडा काढायचा. करवत दोघांनी ओढायची असते, ढकलायची नसते, ढकललं की पातं वाकतं, हे डोक्यात बसायला आम्हाला दहा मिनिटं गेली आणि मग लय लागली. खाच झाली की आबांनी कुऱ्हाडीचं पातं खाचेच्या आतल्या रेषेला चिकटवून धरलं, दांडा जिकडे बघतो तिकडे झाड जाणार. दांडा मळीच्या मधोमध रोवलेल्या काठीकडे बघत होता. इथवर सगळं बरोबर.

आणि तेव्हा दादाने उत्तरेच्या टोकाला बोट घातलं आणि बोट आत गेलं. खाचेची आतली रेषा ६५ सेंटिमीटर लांब होती, त्यातले उत्तरेकडचे १५ सेंटिमीटर तपकिरी भुगा, चहाच्या चोथ्यासारखा.

आबांनी हात वर केला, सगळे थांबलो. इथे समजावून सांगतो की १५ सेंटिमीटरने काय होतं. पुढची खाच आणि मागचा काप यांच्यामध्ये जी न कापलेली पट्टी ठेवतात ती दाराच्या बिजागरीसारखी काम करते, झाड तिच्यावर वळत खाली येतं आणि ती शेवटपर्यंत धरून ठेवते म्हणून ठरल्या दिशेला जातं. तिची जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी ठेवतात, आमच्याकडे सात ते आठ सेंटिमीटर. तीच पट्टी एका टोकाला कुजकी असेल तर ते टोक आधी तुटतं, चांगलं टोक धरून राहतं, आणि झाड चांगल्या टोकाकडे खेचलं जातं. आमचं चांगलं टोक दक्षिणेचं, म्हणजे सुपाऱ्यांकडे.

पाऊण तास चर्चा झाली. खाच वर घ्यावी, चार फुटांवर, असं मी म्हटलं. अननसातून आत शिरून, जे चार दिवस आधी करायला हवं होतं ते करून, साडेचार फुटांवर गिरमिट मारलं तर तिथेही तपकिरी पूड. म्हणजे कुज वर गेलेली, खाच वर नेऊन फायदा नाही. दादा म्हणाला दक्षिणेची बाजू जाड ठेवूया, तेवढीच मजबुती. आबा म्हणाले नाही, जाड बाजू झाडाला आपल्याकडे ओढते, मग तर सुपारीतच जाईल. थांबून चेनसॉवाल्याची वाट बघायची का, हेही बोललो, पण खाच आधीच पडलेली होती. ठरलं ते असं: पट्टी सगळीकडे सारखी पण ९ सेंटिमीटर ठेवायची, कारण लांबी कमी झालीय, आणि उत्तरेला एक दुसरा दोर, आवरायचा, झाड दक्षिणेला झुकायला लागलं तर धरून ठेवणारा. तो दोर गडग्यापलीकडच्या किंदळाच्या झाडाला बांधला. किंदळ मजबूत होता, जाडजूड. तो नेमका कुठे उभा आहे हे मात्र आम्ही कुणी नीट बघितलं नाही.

नऊला मागचा काप सुरू, खाचेच्या तळापेक्षा चार सेंटिमीटर वर, म्हणजे झाड पुढे वळताना बुंधा मागे सरकायला लागला तर त्या पायरीला अडतो. पात्याच्या मागे जागा झाली की लगेच पाचर घालायची असते. आम्ही दोन मिनिटं उशीर केला आणि झाड मागे बसलं, करवत चिमटली, ना पुढे ना मागे. माझा पहिला विचार जोरात हिसका मारायचा होता. आबांनी मनगट धरलं. दोरवाल्यांना दोन हात ओढायला सांगितलं, फक्त दोन हात, मग पातळ खैराची पाचर कडेला हळूच ठोकली, काप केसभर उघडला आणि करवत सुटली. त्यानंतर दर चार बोटांना पाचरी पुढे सरकवत गेलो.

पाचरीचं गणित मला फार आवडलं म्हणून देतो. पाचर ज्या बाजूला आहे तिथपासून पट्टीपर्यंत अंतर साधारण अर्धा मीटर, झाड १७ मीटर, म्हणजे ३४ पट. मागे काप २ सेंटिमीटर उचलला की शेंडा ६८ सेंटिमीटर पुढे जातो. आमचा कल एक मीटरचा, म्हणजे मागून तीन सेंटिमीटर उचलणं पुरे. घणाचे पंधरा घाव आणि एवढं वजनदार झाड तीन सेंटिमीटर उठतं, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही. प्रत्येक घावानंतर आबा थांबायचे आणि ऐकायचे. मशीनच्या आवाजात हे ऐकू आलंच नसतं: लाकूड आधी बारीक टिचकतं, तांदूळ भाजल्यासारखं, मग मधेच एकदम शांत होतं.

दहा वाजून दहा मिनिटांनी पट्टी बारा सेंटिमीटर राहिली असताना तशी शांतता झाली आणि लगेच वहिनीच्या तीन शिट्ट्या. आम्हाला खाली काहीच दिसलं नव्हतं. मी मूठ सोडली, करवत तिथेच, दादाने त्याची मूठ सोडली आणि पळालो, पाच वेळा पळून बघितलेल्या वाटेनेच, पाय आपोआप पडत होते. पडवीच्या कोपऱ्याशी वळून बघितलं तर झाड पश्चिमेला, अगदी सरळ, मळीच्या काठीकडे निघालं होतं. अर्ध्या वाटेपर्यंत. मग उत्तरेकडून कडाड आवाज आला आणि ते डावीकडे, सुपाऱ्यांकडे वळलं. आवरायचा दोर हवेत सैल लोंबताना मला स्पष्ट दिसला.

दोन सुपाऱ्या मोडल्या, शेंड्याच्या फांद्यांनी. घराला, गडग्याला, पंपाला, माणसाला काही नाही. आबा कुणालाच पुढे जाऊ देईनात, पाच मिनिटं जागच्या जागी उभे ठेवलं, आणि तिसऱ्या मिनिटाला बाजूच्या फणसात अडकलेली आंब्याची एक सुकी फांदी, मनगटाएवढी जाड, आपोआप सुटून बरोबर बुंध्याशेजारी आपटली.

बुंध्यावर काय दिसलं

संध्याकाळी आबा, मी आणि दादा टेप घेऊन बुंध्याशी बसलो. शेंडा काठीपासून तीन मीटर दक्षिणेला पडला होता, १७ मीटरच्या झाडाला म्हणजे साधारण १० अंश. पट्टीच्या दक्षिण टोकाला हातभर लांब धागे उपसून आलेले, तिथल्या लाकडाने शेवटपर्यंत धरलं. उत्तरेला धागा एकही नाही, सपाट तुटलेलं, भुगा, आणि भुग्याच्या पुढचं दहा सेंटिमीटर लाकूडही आतून रंग बदललेलं. खाचेतून बघून आम्ही कुज १५ धरली होती, खरी २५ च्या आसपास होती.

दोर का सैल पडला ते किंदळाजवळ जाऊन कळलं. बाजूचा आवरायचा दोर ज्या आधाराला बांधायचा तो पट्टीची रेषा सरळ पुढे वाढवली तर त्या रेषेवर यायला हवा. मग झाड पडताना दोर ना ताणतो ना सैल होतो, लांबी तीच राहते. आधार रेषेच्या मागे असेल तर झाड पडता पडता दोर ताणत जातो आणि झाडाला ओढतो किंवा तुटतो. पुढे असेल तर सैल पडतो. आमचा किंदळ रेषेच्या तीन मीटर पुढे, पश्चिमेला होता. म्हणजे ज्या क्षणी कुजकं टोक तुटलं आणि दोराची खरी गरज लागली त्याच क्षणी तो निकामी होता. त्यात नायलॉन, तो ताणला की वाढतोच. रेषेवर कुठलं झाड नव्हतं पण गडग्याचे मोठे चिरे होते, तिथे खड्डा काढून ओंडका पुरून आधार करता आला असता, तासाभराचं काम.

माझं मत विचाराल तर या प्रकरणात मोठी चूक दोराची नाही. उत्तर बाजू आधी तपासली असती तर खाचेची दिशाच आम्ही थोडी उत्तरेला धरली असती, आधार आधीच पुरला असता, आणि तो सगळा विचार झाडाला हात लावायच्या आधी, शांत डोक्याने, पडवीत बसून झाला असता. खाच पडल्यावर केलेला विचार हा घड्याळाकडे बघत केलेला विचार असतो. हातकरवत सावकाश चालते म्हणून आम्हाला थांबता आलं, बोट घालून बघता आलं, ऐकता आलं, आणि त्याच सावकाशीमुळे अकराची वेळ मानगुटीवर होती.

फांद्या दुसऱ्या दिवशी उतरवल्या, त्या दिवशी नाही, हात थरथरत होते सगळ्यांचे. पडलेल्या झाडाच्या खालच्या फांद्या धनुष्यासारख्या ताणलेल्या असतात, खोडाचं वजन त्यांच्यावर असतं, त्या बाहेरून थोड्या थोड्या कापत सैल करायच्या, आणि खोड लोळू नये म्हणून दोन्ही अंगांना चिऱ्यांचा अडसर लावूनच सुरू करायचं, माणूस नेहमी वरच्या अंगाला उभा. त्यात तीन दिवस गेले. लाकूड पोकळ निघालं, फळ्यांना उपयोग नाही, सरपणाला गेलं.

बदली झाडं पहिल्या पावसात लावली. वहिनीने त्याच आंब्याच्या बाठी दोन वर्षांपूर्वी पिशवीत रुजवल्या होत्या, त्यातली दोन रोपं. घरापासून पावलं मोजून २५ मीटर दूर, मळीच्या कडेला, कारण यांच्या आईची उंची १७ होती.